पुरस्काराचा शिक्का बघून विज्ञानाचं पुस्तक घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सातवीतल्या मुलीसाठी आणि स्वतःसाठी विज्ञानाची पुस्तकं घ्यायची आहेत, दोन हजारांत बसवायचंय, तर पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांची यादी काढून त्यातलीच घेतली तर चालेल का. परळच्या एका शाळेत मी 26 वर्षं विज्ञान शिकवलं आणि शेवटची 11 वर्षं शाळेचं ग्रंथालयही सांभाळलं, त्यातून जे कळलं ते लिहिते. तुमच्यासाठी यादी बऱ्यापैकी उपयोगी पडेल. मुलीसाठी मात्र यादीवर थांबू नका.

का, ते सांगते. आमच्या कपाटात एक जाड, रंगीत, पुरस्काराचा सोनेरी शिक्का असलेलं पुस्तक होतं. त्यात ऋतूंचं चित्र असं काढलं होतं की पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. सातवीतली एक मुलगी ते पान उघडून माझ्यासमोर उभी राहिली. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, हे आदल्याच आठवड्यात वर्गात झालं होतं. ती म्हणाली, ‘‘बाई, जानेवारीत तर जुन्नरला आजीकडे शेकोटी लागते. मग हे चित्र खरं कसं?’’ पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे तिला माहीत होतं. पुस्तकाला पुरस्कार देणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटलं होतं. त्या दिवसापासून कुठलाही पुरस्कार दिसला की मी आधी बघते, तो कशाला दिलाय आणि वाचून कोणी दिलाय.

आपल्याकडे यात बराच गोंधळ होतो. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार घ्या. ओडिशाचे नेते बिजू पटनायक यांच्या देणगीतून 1952 मध्ये सुरू झालेला, मोठा मान आहे. पण तो विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या व्यक्तीला मिळतो, एका पुस्तकाला नाही. जयंत नारळीकरांना तो 1996 मध्ये मिळाला. पुढे 2014 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो आत्मचरित्रासाठी. म्हणजे मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या सर्वांत मोठ्या माणसाच्या नावापुढे हे दोन्ही सन्मान आहेत, तरी त्यांचं विज्ञानावरचं नेमकं कोणतं पुस्तक आधी वाचावं, हे दोन्हींतून कळत नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विज्ञान-तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग आहे, तिथे निदान पुस्तकाचीच तुलना होते. बालवाङ्मयात मात्र छंद आणि शास्त्रं एकाच विभागात येतात. हे मला आजही खटकतं. कागदाच्या घड्या घालायला शिकवणारं पुस्तक आणि गुरुत्वाकर्षण समजावणारं पुस्तक एकाच तराजूत कसं तोलणार?

नारळीकरांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मुंबईतलीच आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हा ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि नाव एवढं मोठं होतं की परीक्षकांवर दडपण आलंच असतं. म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं (ज. वि. ना.) उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव न बघता मजकूर वाचून दिलेलं बक्षीस मला सर्वांत विश्वासाचं वाटतं.

मुलांच्या पुस्तकांबाबत लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेची पद्धत मला मनापासून पटते. 1988 पासून ते विज्ञानाच्या पुस्तकांना पुरस्कार देतात. किशोरांच्या पुरस्कारासाठी मोठी माणसं, त्यात शास्त्रज्ञही असतात, सहा पुस्तकं निवडतात. मग ती सहाच्या सहा ब्रिटनभरच्या शाळांत आणि मुलांच्या गटांत जातात आणि विजेता मुलंच ठरवतात. चुका मोठ्यांनी पकडायच्या आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचवतं की नाही हे मुलांनी सांगायचं, अशी ही वाटणी आहे.

आम्ही हेच शाळेत करून पाहिलं. आम्हा तीन शिक्षकांनी चुका तपासून सहा पुस्तकं निवडली, सहावी ते आठवीतल्या 14 मुलांना आठ आठवडे दिली. माझी खात्री होती की तारे आणि दीर्घिकांचं चकचकीत पुस्तक जिंकणार. ते चौथं आलं. जिंकलं ते मुंग्यांवरचं एक पातळ, साठ रुपयांचं पुस्तक, ज्याला कधी कसला पुरस्कार मिळाला नव्हता. कारण विचारलं तर एक मुलगा म्हणाला, ‘‘यातलं सगळं आमच्या चाळीच्या गॅलरीत करता येतं.’’ त्यानं साखरेचे दाणे आणि गुळाचा खडा ठेवून मुंग्यांच्या रांगा तीन दिवस मोजल्या होत्या, वहीत आकडे होते. दुसऱ्या एका पुस्तकातल्या प्रयोगांना बर्नर आणि परीक्षानळी लागत होती, ते मुलांनी चौथ्या पानावरच ठेवून दिलं होतं. मुंग्यांचं पुस्तक परत आलं तेव्हा त्याच्या कडांना हळदीची बोटं लागलेली होती. ते मी बाइंडिंग करून पुन्हा कपाटात लावलं.

आता तुमच्याबद्दल. रॉयल सोसायटीची मोठ्यांसाठीची यादी उत्तम आहे, आणि लेखक शास्त्रज्ञच हवा असंही नाही. बिल ब्रायसन हे मूळचे प्रवासवर्णनं लिहिणारे, त्यांच्या पुस्तकाला 2004 मध्ये हाच पुरस्कार मिळाला. फक्त साल बघा. स्टीफन जे गूल्ड यांचं कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकातल्या जीवाश्मांवरचं ‘वंडरफुल लाइफ’ 1989 मध्ये आलं आणि 1991 मध्ये पुरस्कारविजेतं ठरलं. त्यात हॅल्युसिजेनिया नावाच्या प्राण्याचं जे चित्र आहे त्यात तो काट्यांवर उभा आहे. त्याच 1991 मध्ये चीनमधल्या जीवाश्मांवरून कळलं की तो उलटा काढला होता, पाय समजलेले काटे खरं तर पाठीवरचे होते. पुस्तक तरीही वाचावं, शास्त्रज्ञ विचार कसा करतात ते त्यात फार सुंदर आलंय. पण सोबत नंतरचं काही वाचायला हवं.

इंग्रजी पुस्तकाचं मराठी भाषांतर घेणार असाल तर वेष्टनावरचा पुरस्कार मूळ पुस्तकाचा असतो, भाषांतराचा नव्हे. मी एक पान उघडून बघते की ‘वजन’ (गुरुत्वाकर्षणाची ओढ) आणि ‘वस्तुमान’ (वस्तूतलं द्रव्य) यांची सरमिसळ झालीय का. झाली असेल तर पुस्तक परत फळीवर.

दोन हजार एकदम खर्च करू नका. एखाद्या शनिवारी मुलीला घेऊन दादरला या. आधी पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तिला तासभर चाळू द्या, मग पश्चिमेला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जा. निवडलेल्या पुस्तकातला एखादा प्रयोग तुमच्या स्वयंपाकघरात जमेल का, ते तिलाच विचारा. पहिल्या खेपेला तिची दोन आणि तुमचं एक, एवढंच घ्या. तिला आकाश आवडतं की किडे-पक्षी, की यंत्रं उघडून बघायला, ते इथे कळवा. त्यावरून मी नावं सुचवते.