राळ उडवा, पण डिंकाला राळ म्हणू नका

परभणीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनाविश्वातला खेळ मित्रांबरोबर मराठीतून खेळायचा म्हणून तो त्यातल्या मंत्रांचं भाषांतर करतोय. अदृश्य होण्याच्या मंत्राला ‘गम अरेबिक’मध्ये बंद केलेला पापणीचा एक केस लागतो. त्याने लिहिलंय, ‘अरबी राळेत गुंडाळलेली पापणी’. बरोबर आहे का?

नाही. एक तर पापणी नव्हे, पापणीचा केस. अख्खी पापणी काढून द्यायची म्हटलं तर एकही जादूगार तयार व्हायचा नाही. आणि राळ नव्हे, डिंक. नुसतं ‘डिंक’ लिहा, भागलं. ‘अरबी’ हे शेपूट व्यापाऱ्यांनी चिकटवलेलं. हा डिंक मुख्यतः सुदानातला, आपल्या बाभळीच्या भाऊबंदांतल्या झाडाचा. अरबांच्या हातून पुढे गेला म्हणून नाव त्यांचं लागलं. आपल्या चिंचेला त्यांनी ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं, त्यातलाच प्रकार.

डिंक आणि राळ यांची गल्लत आता शिकलेली माणसंही करतात, म्हणून घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. बाभळीचा खडा रात्री पाण्यात टाका, सकाळी चिकट पाणी झालेलं असतं. काजळात कालवून पोथ्यांची शाई व्हायची ती याच गुणावर. राळेचा खडा आठवडाभर पाण्यात ठेवा, ढिम्म हलत नाही. तिला स्पिरिट लागतं. विस्तवावर मात्र उलट. डिंक फुगतो, करपतो आणि गप्प बसतो. राळ पेटते.

आणि पेटते म्हणजे कशी! आमच्या गावच्या लळितात नरसिंहाचं सोंग निघायचं तेव्हा टेंभेवाल्याच्या शेजारी एक माणूस मुठीत राळेची पूड घेऊन उभा असे. सोंग पडद्याबाहेर आलं की मूठ टेंभ्यावर भिरकावायची. भक्कन जाळ, क्षणभर सगळं पटांगण लालपिवळं, पोरं आयांच्या पदरात. खडा असता तर नुसता धुमसत बसला असता. पूड हवेत पसरते, कणाकणाला वारा मिळतो, म्हणून सगळी एकदम भडकते. ‘राळ उडवणे’ ते हे. आरोपांची राळ उडाली म्हणजे एका क्षणात भडका झाला, डोळे दिपले, मागे धूर राहिला. आणि आमचे बातमीदार काय लिहितात? ‘धुळीची राळ’, ‘चिखलाची राळ’! चिखल कधी पेटलेला पाहिलाय का, राजेहो? धुरळा म्हणायचा असेल तर धुरळा म्हणा, तो शब्द काही महागलेला नाही.

एका निवृत्त प्राध्यापकांनी व्याख्यानात याहून पुढची मजल मारली. म्हणे हा वाक्प्रचार राळ्यावरून आला. राळे म्हणजे भाताला शिजवतो ते बारीक धान्य, खळ्यात उफणताना उडतं, त्यावरून. टाळ्याही पडल्या. पण सर, व्याकरण कुठे ठेवलंत? धान्य तो राळा, ते राळे. आपण ‘आरोपांचे राळे उडवले’ म्हणतो का? ‘आरोपांची राळ उडवली’ म्हणतो. स्त्रीलिंगी. शिवाय उफणताना उडतो तो भुसा. धान्य पायाशीच पडतं, हे खळ्यावर एकदा उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

आता माझं आवडतं. संस्कृतात ‘राल’ म्हणजे साल वृक्षाचा स्राव. कोशकार एवढं लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात. पण तोंडातली लाळ ती ‘लाला’. हिंदीत जाऊन बघा, ‘राल’ म्हणजे राळही आणि ‘राल टपकना’ म्हणजे लाळ गळणंही! एकाच शब्दात झाड आणि तोंड. ‘रलयोरभेदः’, र आणि ल यांत भेद मानू नये, असं जुने पंडित सांगून गेलेच आहेत. माझं मत असं, की राळ ही झाडाची लाळच. खोडाला घाव बसला की ते गळतं, चिकट, लोंबतं, तार धरतं. पाहणाऱ्याला दुसरं काय आठवणार? मराठीने शहाणपणाने दोघींना वेगळी घरं दिली, एकीला र, एकीला ल. यावर नाकं मुरडणारे आहेत. योगायोग म्हणतात. म्हणोत.

हां, तो मंत्र. डिंकच का, हेही सांगतो. स्वच्छ डिंक काचेसारखा, आरपार दिसणारा. डोळ्याचा केस त्यात कोंडला, की दिसणं बंद. कोटीच आहे ती. आपल्याकडे पायाळूच्या डोळ्यात अंजन घालून गुप्तधन बघतात, तिकडे डोळ्यातलं काढून स्वतः गुप्त होतात. राळ घालून कोण गुप्त होणार, अख्खं गाव वळून बघेल!

त्याच खेळात आगीच्या गोळ्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. तिथे गंधकाच्या जागी मूठभर राळ लिहून टाका. मी कुणाला सांगणार नाही.