दोन फुटी टँकसाठी पाच जातींची यादी: कुणाला ठेवायचं, कुणाला खोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६०×३०×३० सेंमीचा टँक घेतलाय, वाळू आणि फिल्टर बसवून तीन दिवस झालेत, पाणी स्वच्छ दिसतंय. मुलीने यादी केलीय, दोन गोल्डफिश, एक फायटर, चार निऑन टेट्रा, एक एंजल आणि 'काच साफ करायला' एक सकर. यातले कोणते चालतील, आणि उद्या आणू का?

उद्या नका आणू. माशांची निवड थोडीफार चुकली तर निस्तरता येते, घाई केली तर फार काही हातात राहत नाही.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. अमोनिया दिसत नाही, पाणी गढूळही करत नाही. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढायचं. हे बॅक्टेरिया पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या पहिल्या टँकचं पाणी आरशासारखं होतं. आठ निऑन सोडले. तिसऱ्या दिवशी एक तळाशी आडवा दिसला, पाचव्या दिवशी आणखी दोन, उरलेले पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून भराभर कल्ले हलवत होते. मी घाबरून काय केलं, तर स्पंज काढून नळाखाली खसाखसा धुतला. म्हणजे जे थोडेफार बॅक्टेरिया जमत होते, तेही क्लोरीनच्या पाण्याने घालवले. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, तोही फक्त पिळून.

तेव्हा आत्ता फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका, मासे असल्यासारखं. तेच कुजून अमोनिया होईल. टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडं दिसायला लागलं की टँक तयार. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा मागून घ्या, वेळ बराच वाचतो. नळाचं पाणी घालताना क्लोरीन काढणारं औषध वापरा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग) असेल तर तो तसा जात नाही.

आता यादी. आकड्याने तुमचा टँक ५४ लिटरचा, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी उरतं.

गोल्डफिश खोडा. दुकानात दिसतो तो पिल्लू असतो. साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो, फुगीर पोटाच्या जातीही १५ ते २० सेंमीपर्यंत जातात, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. शिवाय त्याला तुलनेने गार पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो. 'मासा टँकच्या मापाने वाढतो' हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. वाढ खुंटते खरी, पण ती सोय नव्हे, आजार आहे.

सकरही खोडा, आणि हे जरा जोर देऊन सांगतो. पाच सेंमीचा गोजिरवाणा सकर, म्हणजे प्लेको, वाढून ३० सेंमीच्या वर जातो. तो काचेवरचं शेवाळ खातो, पण त्याहून जास्त विष्ठा टाकतो. काच साफ करायला स्पंज आणि आपला हात पुरतो.

एंजलची अडचण लांबीची नाही, उंचीची. पूर्ण वाढलेला एंजल परांसकट २० सेंमीहून उंच होतो, तुमच्याकडे पाणीच जेमतेम २५ सेंमी उंच असेल. आणि निऑन त्याच्या तोंडात मावतो. एक दिवस सकाळी मोजदाद कमी भरते, बाकी काही दिसत नाही.

उरले फायटर आणि निऑन. दोघांनाही हा टँक चालतो, पण एकत्र मी ठेवणार नाही. काही फायटर शेजारी सहन करतात, काही नाही, आणि कोणता कसा निघेल ते आणल्याशिवाय कळत नाही. निऑन मात्र चार नकोत, आठ ते दहा हवेत. हे उलटं वाटेल, की मोठे मासे काढायला सांगतो आणि छोटे वाढवायला. पण लांबी दुप्पट झाली की शरीर जवळपास आठपट होतं, म्हणून 'इतके इंच मासा, इतके लिटर पाणी' हे गणित फसवं आहे. आणि थव्याने राहणारा मासा चारच ठेवला तर तो झाडाआड दबून बसतो, रंगही फिका पडतो. दहा असले की तेच मासे समोर येऊन एकदम वळतात. लहान टँकमध्ये जाती कमी, थवा मोठा, असंच करावं.

कोणता थवा, हे तुमच्या पाण्यावर ठरवा. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो असं जड पाणी असेल तर गप्पी घ्या, ते त्यात खुशीत राहतात. पण फक्त नर, सहा ते आठ. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज, आणि नराचं बीज शरीरात साठवून ठेवते. 'फक्त माद्या आणल्या' म्हणणाऱ्यांच्याकडेही म्हणूनच पिल्लं होतात. पोटाखाली मागच्या बाजूला गडद डाग आणि बसका, चौकोनी घेर दिसला की ती मादी दिवस भरलेली आहे असं समजा.

पाणी मृदू असेल तर निऑन किंवा एम्बर टेट्रा दहा, आणि तळाला सहा-आठ पिग्मी कोरी, मऊ वाळूवर. कोरी जेमतेम अडीच सेंमीचे असतात. मधूनच एखादा सुसाट वर जातो, हवेचा घोट घेतो आणि खाली येऊन वाळूत मिशा खुपसतो. घाबरू नका, ते आतड्यातूनही श्वास घेतात. महिन्या-दोन महिन्यांनी हवी तर हनी गोरामीची जोडी घाला. फक्त निऑन नव्या टँकमध्ये सगळ्यांत शेवटी आणा, ते नाजूक असतात.

झेब्रा डॅनियो काटक, कुठल्याही पाण्यात निभावतो, पण सतत पळतो आणि उडीही मारतो. झाकण पक्कं असेल तरच. टायगर बार्ब नको, इतरांचे पर कुरतडतो.

विकत घेताना दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पर मिटून घेतलेला, पोट आत गेलेला, अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा नको. त्याच टँकमध्ये एखादा मेलेला दिसला तर कितीही आवडला तरी परत या. समोर खाद्य टाकायला सांगा, धावत येणारा घ्या. कृत्रिम रंग टोचलेले मासे तर अजिबात नकोत. आणि सगळे एकदम आणू नका. आधी पाच-सहा, मग दोन आठवडे रोज अमोनिया तपासून पुढचे.

मुलीला एक विचारून बघा, तिला खूप मासे हवेत की एक ओळखीचा. फायटर खाऊ घालणाऱ्या माणसाला ओळखायला लागतो, ती जवळ आली की काचेपाशी येतो. ती 'ओळखीचा' म्हणाली तर एकच नर फायटर, भरपूर झाडं, पाणी २५-२७ अंशांवर आणि फिल्टरचा झोत मंद ठेवा. वर थोडी मोकळी जागाही सोडा, तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. तोवर पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, त्याचं माप) आणि पाण्याचा जडपणा मोजून आकडे इथे टाका, मग गप्पी की टेट्रा ते ठरवू.