वाचकांचे प्रश्न : पाठमोऱ्या लाटेची पोकळी

प्रश्न : गेली 3 वर्षे मी सुट्यांमध्ये कर्नाटकातील मुळकी येथे सर्फिंग शिकतो आणि न फुटलेल्या लाटेवर तिरके जाणे मला जमते. जूनमध्ये आम्ही काही मित्र 10 दिवसांसाठी बालीला जाणार आहोत. तेथे बॅरलमध्ये, म्हणजे फुटणाऱ्या लाटेच्या पोकळीत, शिरण्याचा प्रयत्न करावा का, आणि तोवर नाशिकमध्ये राहून काय तयारी करता येईल? मी डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची पाठ डावीकडे (किनाऱ्याकडे तोंड असता डाव्या हाताला) फुटणाऱ्या लाटेकडे होते. आणि बालीतील उलुवातू व पदांग पदांग या नामांकित लाटा, तसेच लोंबोक बेटावरची डेझर्ट पॉइंट, या सगळ्या डावीकडेच फुटतात. म्हणजे जे लाटेकडे तोंड करूनही अवघड, ते आपण मान वळवून करायला निघाला आहात.

मुळकीची वाळू हळूहळू चढत जाते, त्यामुळे लाट बहुधा माथ्यावरून ढासळत फुटते. बालीत मात्र हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील वादळांतून निघालेली लाट खोल पाण्यातून येऊन एकाएकी उथळ खडकावर चढते. तिचा तळ अडखळतो आणि माथा त्याच वेगात पुढे फेकला जातो. पावसाळ्यात बंधाऱ्याच्या सांडव्यावरून जोराने पडणारे पाणी आपण पाहिले असेल. भिंत आणि पाण्याचा पडदा यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तीच ही बॅरल, फक्त ती किनाऱ्याला समांतर धावत असते. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, म्हणजे दीड मीटरच्या लाटेखाली पाणी दोन मीटरही नसते. म्हणून पडताना सूर मारू नये. अंग पसरून सपाट पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे.

पाठमोऱ्या बॅरलसाठीची बैठक घरीच घोटवता येते. मागचा गुडघा आत वळवून जवळजवळ बोर्डाला टेकवायचा, उजव्या हाताने बोर्डाची बाहेरची कड घट्ट धरायची, डावा हात लाटेच्या भिंतीकडे ठेवायचा आणि हनुवटी डाव्या खांद्यावर आणून पुढच्या उजेडाकडे पाहायचे. गच्चीवर गोल लाकडावर फळी ठेवून ही बैठक रोज दहा मिनिटे केलीत, तर पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील; तसे झाले नाही तर आपण पुरेसे खाली बसत नाही, असे समजावे. नजरेचे मात्र गच्चीवर काही शिकता येत नाही. माझ्या पहिल्या कित्येक बॅरलविषयी मला काहीच सांगता येत नाही, कारण पडदा डोक्यावरून येताच मी डोळे मिटून घेत असे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घाईने पुढे निसटणे. पोकळी मागे राहते आणि आपण उघड्या पाण्यावर पोहोचतो. वेग कमी करण्यासाठी भार मागच्या पायावर घ्यावा किंवा डावा हात भिंतीत बुडवावा.

श्वास रोखण्याचा सराव तरणतलावात एकट्याने कधीही करू नका. पाण्याखाली शुद्ध हरपण्याआधी इशारा मिळेलच असे नाही. काठावर आपल्याकडेच पाहणारा माणूस हवा.

आता बालीचे. पहिले चार-पाच दिवस कुता येथील वाळूच्या तळावर घालवावेत. त्यानंतर स्थानिक मार्गदर्शक सोबत असेल आणि लाट लहान असेल, तर पूर्व किनाऱ्यावरील केरामास पाहावी; ती उजवीकडे फुटते, त्यामुळे आपले तोंड लाटेकडे राहील. तिचा तळही खडकाळच आहे, म्हणून भरतीचे पाणी असताना उतरावे, आणि तेही भल्या पहाटे, कारण जूनमध्ये उन्ह चढले की आग्नेयेचा वारा तेथे समुद्राकडून वाहतो आणि लाटेचा आकार मोडतो. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. हा नियम तेथे काटेकोरपणे पाळला जातो. पदांग पदांग या वेळी कड्यावरून पाहण्यापुरतीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडकाने खरचटल्यास जखम लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, आत अडकलेले कण काढावेत. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र नाशिकहून निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.