सवाल तुमचे, जवाब आमचे: तपासणीवाले येऊन राहिले, वहीचं काय करायचं?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार. आमचा दारव्हा तालुक्यात शेडमधला मेंढ्यांचा फार्म हाय, लहान-मोठं धरून शंभराच्या वर जनावर. आतापर्यंत कोकरं बाजारात अंदाजानंच विकत होतो. आता हैदराबादची एक मटणवाली कंपनी किलोवर घेतो म्हणते, पण आधी त्यांचा माणूस येऊन क्वालिटी ॲश्युरन्सची तपासणी करणार हाय म्हणे, तीन आठवडे टाइम देला. शेडले चुना मारला, गेटले कलर मारला, बॅनर बनवाले टाकला. औषधपाण्याची वही मात्र वर्षभर काहीच लिहिली नाही. भाचा म्हणते एका रात्री बसून सगळी लिहून टाकू, कोणाले समजते. बरोबर हाय का? अन् अजून काय तयारी करा लागते?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, भाच्याला रात्री झोपू द्या. एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडे एकच पेन, एकच अक्षर, पानाला ना लेंडीचा डाग ना पाण्याचा, अन् औषधाची तारीख अशी टाकलेली की त्या दिवशी ती बाटली कारखान्यात बनलीच नव्हती. हे शेवटचं बरोबर सापडते बरं का, वहीतली तारीख अन् बाटलीवरची मॅन्युफॅक्चरिंग डेट शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की झालं. त्यापेक्षा आजची तारीख टाका अन् आजपासून लिहा. मागचं म्हणाल तर मेडिकलची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, लस कधी टोचली त्याची नोंद, घरात जे सापडेल ते एका फाईलला लावा. जिथं काहीच नाही तिथं नाही म्हणून सांगा. अर्धी वही एखादवेळेस चालून जाईल पण खोटी वही सापडली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी भरोसा ठेवत नाही.

वहीत लिहायचं काय तर तारीख, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जनावराला झालं काय होतं, औषध कोणतं, किती एमएल, बॅच नंबर, कोणी दिलं, आणि ते जनावर विकायला कधीपासून चालेल ती तारीख. हा शेवटचा रकाना आपल्याकडं कोणीच ठेवत नाही आणि खरेदीदाराला सगळ्यात जास्त तोच पाहिजे असतो. औषध मटणात काही दिवस राहते, म्हणून लेबलवर विड्रॉवल पिरियड दिलेला असतो. समजा तुम्ही कोकरांना जंताचं औषध पाजलं आणि त्या बाटलीवर मटणासाठी १४ दिवस लिहिले असतील तर ते १४ दिवस पूर्ण होईस्तोवर त्यातलं एकही गाडीत चढवायचं नाही, भाव कितीही येऊ द्या. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात, तेव्हा शेजाऱ्याला विचारून लिहू नका, लेबल वाचा, नाही समजलं तर बाटली घेऊन दवाखान्यात जा.

आता शेडमधला तो कोनाडा, जिथं सगळी औषधं ठेवलेली असतात. तुमच्याकडं पण असेलच. बुच नसलेली अर्धी बाटली, एक्सपायर झालेला स्प्रे, गंजलेली सुई, बाजूला तंबाखूची पुडी, अन् लसीची उरलेली व्हायल उन्हात. पहिला हात तिथंच जाते साहेब लोकांचा. आजच सगळं खाली काढा, एक्सपायर झालेलं वेगळं करा, उरलेलं कुलूप लागेल अशा पेटीत ठेवा. लस २ ते ८ डिग्रीतच राहिली पाहिजे, ती एकदा फोडली की उरलेली पुढच्या महिन्यासाठी ठेवायची नसते. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. सुई जनावरात तुटली तर त्या जनावराचा नंबर लिहून ठेवा, कारण ते मटण कोणाच्या तरी ताटात जाणार आहे न. इंजेक्शन शक्यतो मानेत, मांडीत नको, चांगलं मटण तिथंच असते.

त्या पेटीत माणसांचं दुखण्याचं औषध डायक्लोफेनॅक सापडलं तर मात्र तुमचं काही खरं नाही. जनावरात ते २००६ पासून बंद आहे, त्याच जातीचं किटोप्रोफेन अन् ॲसिक्लोफेनॅक २०२३ ला बंद झालं. हे दिलेलं जनावर मेलं अन् गिधाडानं खाल्लं की गिधाडाच्या किडन्या जातात, तशीच तर गिधाडं संपली आपल्याकडची. २०२४ ला पेंच अन् ताडोब्यात गिधाडं आणून सोडली, ती काय आपल्या मेंढीच्या इंजेक्शननं मारायची का? ताप-दुखण्याला मेलॉक्सिकॅम मिळते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्या. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिकही २०१९ पासून बंद आहे. अन् अँटिबायोटिक आपल्या मनानं टोचणं बंदच करा.

चाऱ्याकडं वळतो. तुमच्याकडं गायी पण असतील तर गायीचं मिनरल मिक्श्चर मेंढीला देऊ नका, कोंबडी खाद्य तर अजिबात नको. त्यात तांबं जास्त असते अन् मेंढीला तांबं सोसत नाही, ते लिव्हरमधे साचत राहते. जनावर महिनोन् महिने चांगलं दिसते मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, अन् दोन दिवसांत खलास. लोक म्हणतात कोणी करणी केली. खुरं सडू नये म्हणून मोरचुदाचं पाणी ठेवता, मोरचुदातही तांबंच असते, म्हणून ते पण सांभाळून, जनावर पिऊन टाकते, त्यापेक्षा झिंक सल्फेटचं १० टक्के पाणी बरं. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीनचं कुटार अन् बुरशी आलेली सरकी ढेप दोन्ही बाहेर काढा, ढीग उकरून आतला वास घेऊन पाहा, वरून कोरडाच दिसते.

बिल्ले मोजून घ्या. जनावरं, कानातले १२ आकडी बिल्ले अन् वही, तिन्हीचा हिशोब एकच यायला पाहिजे. तसंही राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. ज्याचा पडला त्याला दवाखान्यातून नवीन लावून घ्या अन् जुना नंबर खोडू नका, बाजूला नवा लिहा.

बाकीचं थोडक्यात. मोठ्या मेंढीला छपराखाली साधारण १० चौरस फूट अन् उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा. पाण्याचं टाकं घासा, शेवाळ नको. नवीन आणलेली मेंढरं तीन-चार आठवडे वेगळी. पीपीआर अन् आंत्रविषार या मेंढ्यांच्या जीवघेण्या रोगांच्या लसीच्या तारखा तोंडपाठ पाहिजेत. लंगडणारी लपवू नका, वेगळ्या खणात ठेवा अन् इलाज वहीत दाखवा, शंभरात दोन-चार लंगडणारच, त्यात लाज कसली. मेलेलं जनावर नाल्यात फेकत असाल तर आधी ते बंद करा, सहा फूट खड्डा, वरून चुना, विहिरीपासून दूर. चुना तिथं लागते भाऊ, भिंतीला कमी. बॅनरचे पैसे दिले नसतील तर राहू द्या.

प्रश्न: आमची मेंढरं फिरती हायेत, शेड-बिड काही नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीत बसवतो, शेतकरी खतासाठी पैसे देते. आमाले असं तपासणीचं सर्टिफिकेट भेटते का?
– एक ताई, जि. अकोला

उत्तर: ताई, प्रत्येक खरेदीदाराच्या अटी वेगळ्या, ते त्यांनाच विचारा. पण विचारायच्या आधी एक सवय लावा. शेतात शिरायच्या आधी शेतकऱ्याला विचारायचं, शेवटचा फवारा कधी मारला अन् कशाचा, डबा दाखव म्हणायचं, त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. २०१७ ला यवतमाळात फवारणी करणारी माणसं मेली, ते विष पऱ्हाटीच्या पानावरच मारलं होतं अन् तीच पानं मेंढरू खाते. डब्यावर लिहिलेले दिवस झाले नसतील तर दुसरं शेत पाहा. लोकर कातरल्यावर गोचिडाचं औषध लावता त्याची पण तारीख लिहा, ते पण औषधच. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून रोज संध्याकाळी लिहून घ्या, पण रोज. फिरत्या कळपाची एक गोष्ट तपासणीत तुमच्या बाजूनं जाते, जागा ना दाटीची ना घाणीची, हे बेधडक सांगा.

प्रश्न: तपासणीवाल्याले पाकीट द्या लागते का?
– नाव नको, जि. बुलढाणा

उत्तर: चहा द्या, पोहे द्या. पाकीट नको. मागितलंच तर कंपनीच्या ऑफिसला फोन लावा, तो माणूस समोर बसला असतानाच.