दिवाळीनंतरची शाळा

सौ. ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण बीड जिल्ह्यातून लिहिता की, दरवर्षी ऊसतोडीला सांगलीकडे जाता, गेल्या हंगामात आठवीतल्या मुलीला सोबत न्यावे लागले, आता नववीत तिचे गणितात मन लागत नाही, आजी थकल्यामुळे तिला गावी ठेवण्याची सोय नाही आणि नातेवाईक ‘शाळा सोडवून लग्न उरका’ असे सुचवतात.

तिचे मन लागत नाही, त्याचे कारण मला गैरहजेरीत दिसते. बहुपदींचा भागाकार आठवीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे, आणि वर्गात तो शिकवला जात असताना ती कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळत, मोळ्या बांधायला हात लावत होती. नववीत बहुपदी पुन्हा समोर आल्या, तेव्हा तिला पायाच नव्हता. आपल्या भागातील कितीतरी मुली अशाच हळूहळू गळतात, आणि घरचे समजतात की पोरीला अभ्यासाची आवड नाही. शिक्षण हक्क कायद्याची हमी 6 ते 14 वयापुरती असल्याने नेमकी नववीत ही गळती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेण्याआधीच तिच्या राहण्याचे ठरवा. उचल एकदा अंगावर आली की नवरा-बायकोबरोबर मुलीचे हातही कामाच्या हिशेबात धरले जातात. गावातील हंगामी वसतिगृहे बहुतेक आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असतात, त्यामुळे ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात याच आठवड्यात करा. ग्रामसेवकांकडून मिळणारे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र सोबत ठेवा. तिथे जागा नसेल, तर मुलींच्या निवासी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाविषयी मुख्याध्यापकांना विचारा.

लग्नाबद्दल मी स्पष्टच लिहिते: अठरा वर्षांआधी ते कायद्याने गुन्हा आहे, आणि फारच दबाव आला तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर मदत मागता येते. एवढे करूनही शाळेत खंड पडलाच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसता येते. पण घरी एकटीने अभ्यास करणे कठीण असते, म्हणून तो मार्ग शेवटचा समजावा.

तूर्त वर्गशिक्षकांना भेटून आठवीच्या गणिताचा सुटलेला भाग टोळी निघण्याआधी भरून काढण्याची विनंती करा, आणि त्या भेटीला तिच्या वडिलांनाही सोबत न्या.