२२ क्रेडिट झेपतील का?

प्रश्न : मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात गणित, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, मशिन्स आणि डिजिटल हे ४-४ क्रेडिटचे चार विषय आहेत, शिवाय १-१ क्रेडिटच्या दोन लॅब. त्यात मशीन लर्निंगचं ४ क्रेडिटचं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, घ्यायचा विचार आहे. नाहीच झेपलं तर सिग्नल्स पुढे ढकलू का?

उत्तर : सिग्नल्स अजिबात ढकलू नका. कंट्रोल सिस्टिम्स आणि कम्युनिकेशन त्याच्याच जिवावर चालतात. ढकलायचंच तर इलेक्टिव्ह ढकला. मॅट्रिक्स, संभाव्यता आणि प्रोग्रामिंग कच्चं असेल, तर तयार फंक्शन्स चालवता येतील, पण मॉडेल का चुकलं हे कळणार नाही.

क्रेडिटच्या आकड्यावर विसंबू नका, तास मोजा. चार विषयांचे आठवड्याला १६ तास, दोन लॅबचे ४. विषयांच्या दर तासामागे दीड तास अभ्यास धरला तर आणखी २४, आणि लॅबच्या जर्नलचे (प्रयोगवहीचे) निदान ५. झाले ४९. इलेक्टिव्हचे तास आणि अभ्यास मिळून १० वाढतात. त्याचा प्रोजेक्ट यात धरलेलाच नाही.

खरा वेळ खाते ती १ क्रेडिटची लॅब, कारण जर्नल साठत जातं. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट (एक बाजू उघडी ठेवून केलेली चाचणी) घ्या. वॉटमीटर ३०० व्होल्ट, ५ अँपिअर, ०.२ पॉवर फॅक्टरचा आणि पट्टी १५० भागांची असेल, तर गुणक २ (३०० × ५ × ०.२ ÷ १५०). काटा ३० वर म्हणजे ६० वॉट. रेंज टिपून ठेवली नाही तर पंधरा दिवसांनी हा गुणक कुठून आणणार? मग मित्राची जर्नल उतरवायची वेळ येते. त्यापेक्षा गणितं आणि आलेख त्याच संध्याकाळी उरका. रीडिंग विचित्र दिसलं तर पुढच्या लॅबच्या वेळी लगेच पुन्हा घेता येतं.

सत्र सुरू होताच सगळ्या विषयांच्या परीक्षा आणि सबमिशनच्या तारखा एकाच कागदावर मांडा. एका आठवड्यात तीन गोष्टी आल्या, तर त्यातलं सबमिशन आठवडाभर आधी संपवायचं ठरवा. मुदत वाढेल या आशेवर राहू नका.

प्रश्न : थर्मोडायनॅमिक्सच्या मधल्या परीक्षेत ३० पैकी ७ पडले. विषय सोडावा का?

उत्तर : आधी उत्तरपत्रिका मागून बघा. कामाच्या (वर्कच्या) अधिक-उणे चिन्हात किंवा वाफेच्या तक्त्यातल्या इंटरपोलेशनमध्ये (दोन नोंदींमधली किंमत काढण्यात) गुण गेले असतील, तर रोज दोन गणितं सोडवून दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. पण सिस्टिम बंद आहे की खुली (वस्तुमान आत-बाहेर जातं की नाही) हेच ओळखता येत नसेल, तर अंतर्गत ऊर्जा कुठे वापरायची आणि एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) कुठे, इथेच घोळ होतो. पुढे नोझल आणि टर्बाइनचं प्रत्येक गणित तिथेच अडतं. अशा वेळी विषय सोडायची शेवटची तारीख आणि तो पुन्हा कोणत्या सत्रात शिकवतात, हे दोन्ही कार्यालयात विचारा. वर्षातून एकदाच शिकवत असतील तर सोडू नका, इलेक्टिव्ह कमी करा.