मी मोबाईल पालथा घातला, ते चुकलं का?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय 33, लग्नाला 11 वर्षं झाली. यांचं कृषी केंद्र आहे. पोरं सासूबाईंजवळ निजली की आम्ही मोबाईल तांब्याला टेकवतो, एकेक इअरफोन कानात घालतो आणि पिक्चर पाहतो. यांनी 'नाईन अँड हाफ वीक्स' लावला. पट्टी बांधून बर्फ फिरवतात तो सीन झाला. दोन दिवसांनी यांनी माझ्याच ओढणीने माझे डोळे बांधले. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. पुढे उरलेला पाहायला बसलो, तर तो माणूस जमिनीवर नोटा टाकून तिला रांगायला लावतो, हातात पट्टा. मी मोबाईल पालथाच घातला. रडू आवरेना. हे म्हणाले, "अवं, पिच्चरच तं हाय!" तेव्हापासून ओढणीचं नाव कोणी काढत नाही. आवडलं याची लाज वाटते अन् रडले याचीही. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : नाही. दोन्ही वेळा तुमचं मन बरोबर बोललं.

मी 29 वर्षं ग्रामीण रुग्णालयात नर्स होते. रात्रपाळीला कितीतरी बाया माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "नको" म्हणण्याचं धाडस काहींनी केलं होतं. "मला आवडतं" हे म्हणणारी मात्र क्वचितच भेटली. तुम्ही ते लिहून पाठवलंत. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

तुमचं पत्र आलं आणि मी तो पिक्चर पुन्हा पाहिला. 1986 सालचा, एड्रियन लाईन दिग्दर्शक. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी भर तारुण्यात बक्कळ कमावणारी, महागड्या कपड्यांची आणि चकचकीत घरांची एक पिढी होती. तिला यप्पी म्हणत. यातला जॉन त्यातलाच, वॉल स्ट्रीटवरचा, म्हणजे तिथल्या शेअर बाजारातला. एलिझाबेथ चित्रांच्या गॅलरीत नोकरीला. ती महागड्या शालीकडे नुसती पाहते आणि तो घेऊन देतो. घड्याळ देतो, तेही अशा अटीवर की रोज बारा वाजता तिने त्याच्या स्पर्शाची आठवण काढायची. भेटवस्तूच्या आडून तिची दुपारसुद्धा तो स्वतःच्या नावावर करून घेतो.

फ्रीजपुढचा सीन आठवा. ती डोळे मिटून बसली आहे, तो एकेक घास भरवतो आहे. स्ट्रॉबेरी, मग मिरची. तोंड भाजलं की दूध, शेवटी मध. मिरचीचा जाळ पाण्याने जात नाही, दुधाने शमतो, हे आपल्याकडच्या बाईला कोणी सांगायला नको. पण पुढचा घास मिरचीचा की मधाचा, ते तिथे फक्त त्यालाच माहीत. तरी ती हसते आहे तोवर तो खेळ आहे. नोटांच्या सीनमध्ये हसणं संपतं आणि तो थांबत नाही. तुम्ही तिथेच मोबाईल पालथा घातलात.

तुमच्या खोलीत ओढणी बांधणारा माणूस 11 वर्षांचा ओळखीचा होता. जॉन स्वतःबद्दल काही सांगतच नाही. सांगायला लागतो तेव्हा ती दार उघडून निघालेली असते.

आता "पिच्चरच तं हाय" याबद्दल. शूटिंगच्या काळात दिग्दर्शकाने एलिझाबेथ झालेली किम बेसिंजर आणि जॉन झालेला मिकी रूर्क यांना कॅमेऱ्याबाहेर एकमेकांशी बोलू दिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर खरी भीती यावी म्हणून. ज्या पुस्तकावरून हा पिक्चर निघाला, ते 1978 मध्ये एका बाईने टोपणनावाने लिहिलेलं आत्मकथन आहे, आणि त्याचा शेवट मनोरुग्णालयात होतो. म्हणजे तुम्ही ज्याला रडलात ते कुणाच्या तरी अंगावरून गेलेलं होतं. तुमच्या मालकांना हे जरूर सांगा.

आणि उरलेला भागही पाहा, निदान म्हाताऱ्या चित्रकाराचा. शहरापासून दूर एकटा राहणारा हा माणूस स्वतःच्याच प्रदर्शनात, त्या नटलेल्या गर्दीत भांबावून उभा असतो. एलिझाबेथ त्याच्याकडे पाहते आणि तिचे डोळे भरून येतात. त्या अख्ख्या शहरात त्या दोघांनाच एकमेकांची ओळख पटलेली असते. बर्फाच्या सीनबद्दल सगळे बोलतात, मला हा सीन जास्त लागला.

ओढणीचं म्हणाल तर ती पेटीत टाकू नका. रात्री हा विषय निघणार नाही, भिंतीपलीकडे सासूबाई आहेत. दिवसा काढा, वावरात जाताना, गाडीवर मागे बसून. नजरेला नजर नसली की बोलणं सोपं जातं. एक शब्द ठरवून घ्या, कोणताही, "हळद" म्हणा हवं तर. तो उच्चारला की हात तिथेच थांबला पाहिजे, विचारपूस नंतर. गळ्याभोवती काहीही बांधायचं नाही, हे मी नर्स म्हणून सांगते. आणि पुढच्या खेपेला डोळे त्यांचे बांधा. ते तयार झाले की नाही, तेवढं मला कळवा.